नंदावहिनींचं चिलखत

नंदावहिनींच्या घरात मापाची टेप होती, पण ती वापरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. शिलाई मशीनच्या वर भिंतीला एक लांब फळी ठोकलेली होती. फळीला खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक सुतळी. सुतळीला गाठी असत. पहिली गाठ खांद्याची, दुसरी छातीची, तिसरी कमरेची, शेवटची बाहीची. एक सुतळी म्हणजे गावातला एक माणूस. खिळ्याखाली नाव लिहिलेलं नसे. कोणती सुतळी कोणाची हे फक्त त्यांना माहीत.

बोर्ली आणि दिवेआगरच्या मधल्या त्या वाडीत मी प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून बदलून आलो आणि त्यांच्या पडवीतली खोली भाड्याने घेतली. माझं कुटुंब माणगावला. शनिवारी दुपारी जायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. पहिल्याच महिन्यात मी शर्टाचं कापड घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि छातीचं माप तोंडी सांगितलं. त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या तशाच ठेवून म्हणाल्या, "तुम्ही नका सांगू, गुरुजी. अंगाला विचारू."

अंगाने वेगळंच उत्तर दिलं. मी सांगितलं होतं त्यापेक्षा दोन बोटं जास्त. वहिनींनी तिथे गाठ मारली. मुंबईहून लग्नाला आलेला एक नवरदेव मात्र हट्टाला पेटला होता, की माझं जुनंच माप धरा, मी तेवढाच आहे. वहिनींनी फळीवरची त्याची जुनी सुतळी काढून त्याच्या पोटाभोवती धरली. दोन टोकांच्या मध्ये वीतभर पोट उघडं राहिलं. "आरसा खोटं बोलतो, बाबा," त्या म्हणाल्या, "सुतळी न्हाय."

बाई अंगाने लहानखुऱ्या होत्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कापड कापायचं ते सकाळीच, ओटीवर ऊन यायच्या आत. संध्याकाळी कापलेलं सकाळी बघवत नाही म्हणायच्या. शिवताना त्यांना रेडिओ चालू हवा असे, पण बातम्या लागल्या की त्या तो बंद करत आणि बातम्या संपल्या की नेमक्या क्षणी पुन्हा लावत. घड्याळ न बघता हे त्यांना कसं कळे, मला अजून कळलेलं नाही. त्यांचे यजमान अनंतभाऊ सुपारी पाडायला पोफळींवर चढायचे. एकदा वरून पडून पाय मोडला, तरी बरा झाल्यावर पुन्हा चढले. मग वादळ आलं आणि घरामागे जेमतेम चारपाच पोफळी उरल्या. तेव्हापासून ते ओटीवर बसून सुपारी सोलायचे, विकत आणलेली. दोघांत दिवसभरात पन्नास शब्दांची देवाणघेवाण होत असेल. मी त्यांना भाऊ म्हणायचो, म्हणून त्या वहिनी. बाकी गाव त्यांना काकी म्हणे. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण पुढे सगळं त्याच्यावरच आलं.

वाडीतला शिमगा सांगितल्याशिवाय वहिनी सांगता यायच्या नाहीत. धुळवडीच्या संध्याकाळी सोंगं निघतात. वाघ, अस्वल, म्हातारी, टोपीवाला साहेब. ढोलाबरोबर ती दारोदार येतात, आणि प्रत्येक घरच्या माणसाला एकेका सोंगासाठी तीन नावं घ्यायची मुभा असते. नाव बरोबर निघालं तर सोंगाने मुखवटा काढायचा आणि खेळातून बाहेर व्हायचं. चुकलं तर त्याला एक सुपारी द्यायची आणि ते पुढच्या दारात जातं. शाळा हे शेवटचं दार. शाळेपलीकडे तीसेक पावलांवर सहाण, म्हणजे पालखी टेकवायचा चौथरा. तिथवर जे सोंग नाव न निघता पोचेल, त्याने वाडीच्या वतीने पालखीपुढे नारळ ठेवायचा. नारळ ठेवल्यावरही ते तोंड दाखवत नाही. तसंच वाडीतून निघून जातं. त्या वर्षी नारळ कोणी ठेवला हे कायमचं गुपित. पण अख्ख्या वर्षात नसेल एवढा मान त्या गुपिताला असतो.

ही सगळी सोंगं पंचवीस वर्षं वहिनींनी शिवली होती. आणि त्यांना सगळी नावं कळत. फक्त शिवली म्हणून नव्हे. पाठमोरा माणूस पाहिला तरी कोणाचा डावा खांदा खाली आहे, कोण कमरेत वाकतो, हे त्यांना ठाऊक. सोंगं दाराशी आली की त्या मात्र ओटीवरून उठून आत जात. त्यांच्या घरातून नाव घ्यायचं काम अनंतभाऊंचं, आणि ते दरवर्षी तीच तीन नावं घेत, त्यातली दोन मेलेल्या माणसांची. महादूबाबा हे गावचे मानकरी, पालखीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. एका वर्षी त्यांनी वहिनींना बाजूला घेऊन विचारलं होतं म्हणे, "नंदा, तो वाघ कोण गं?" वहिनी म्हणाल्या, "बाबा, मी वाघाचं माप घेतलं. माणसाचं न्हाय."

पंचवीस वर्षांत त्यांच्या तोंडून एकही नाव गेलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

वादळानंतर दोन वर्षं सोंगं निघालीच नाहीत. पुन्हा निघाली तेव्हा पोरांनी मुंबईहून तयार रबरी मुखवटे आणले. खाली जीनची पँट, वर रबरी भूत. वहिनी बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "तोंड इकत आणलं. अंगाचं काय?"

त्याच वर्षी पावसाळ्यात त्या गणवेशाची मापं घ्यायला शाळेत आल्या. मी मुलांना वर्गातल्या टीव्हीवर एक चित्रफीत दाखवत होतो. परदेशातली एक बाई भविष्यातल्या अंतराळ-सैनिकाचं चिलखत घरच्या घरी बनवून अंगावर घालते. छाती, खांदे, मांड्या, पोटऱ्या, आणि डोक्यावर काळ्या काचेचं शिरस्त्राण. घातल्यावर आत बाई आहे की पुरुष, म्हातारं की तरुण, काही कळत नव्हतं. वहिनी सुतळ्या हातात धरून दारात उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत पाहिलं.

"हे लोखंड न्हाय ना?"

"नाही. फोम आहे. लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर टाकतात ना, एकमेकांत अडकणाऱ्या चटया, त्या."

त्यानंतर पाचव्या दिवशी मी जेवून हात धूत होतो तर मागे येऊन उभ्या राहिल्या. "गुरुजी, शनिवारी माणगावला जाल तर त्या चटया बघा. काळ्या मिळाल्या तर काळ्या. आणि कोणाला सांगू नका."

"मुलांच्या नाटकासाठी का?"

"माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत बोलत राहिल्या. "पंचवीस शिमगे मी सोंगं शिवली. वाघ शिवला, अस्वल शिवलं. पण आतनं गाव कसं दिसतं ते ठाऊक न्हाय. एकदा आतनं बघायचंय."

"आणि नारळ?"

"नारळ तर हवाच. सहाणेपर्यंत गेल्याशिवाय माप बसलं कसं म्हणायचं?"

बायकांनी सोंग घेऊ नये असा नियम गावात कोणी कधी केलेला नव्हता. कारण तशी वेळच आलेली नव्हती.

मी चटया आणल्या, चपला चिकटवतात ते पिवळं सोल्युशन आणलं. संध्याकाळी मी मोबाइलवरची कृती मोठ्याने वाचायची आणि वहिनींनी ती करायची, असं आमचं काम सुरू झालं. माझं योगदान तेवढंच. आणि पंचवीस वर्षं मशीन चालवलेल्या शिंपीणबाई त्या कामात पहिलीच्या पोरासारख्या चुकल्या.

पहिली चूक त्यांच्या धंद्याची. कापडाला शिवणीसाठी कडेने जादा ठेवायची सवय हातात इतकी मुरलेली की फोमलाही त्यांनी चारी बाजूंनी बोटभर जादा ठेवलं. फोम कडेला कड लावून चिकटवतात, एकावर एक येत नाही. शिवाय तो जाड, त्याची जाडी मापातून वजा करावी लागते. पहिली छाती तयार झाली ती बघून अनंतभाऊ सुपारी सोलायचे थांबले. "म्हशीला व्हईल," एवढंच म्हणाले.

दुसरी चूक सोल्युशनची. दोन्ही कडांना लावून, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं आणि मगच कडा जोडायच्या, असं मी वाचून दाखवलं. वहिनींना ते पटेना. "वाळल्यावर काय चिकटणार, गुरुजी? काय तरी उलटं छापलंय." ओलं असतानाच जोडत आणि हात सोडला की खांदा उलगडून पडे. तीन संध्याकाळी तो खांदा पडत राहिला. चौथ्या संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या, त्या रेडिओ बंद करायला उठल्या, वाटेत कोणी गिऱ्हाईक आलं, आणि परत येईस्तोवर सोल्युशन वाळून गेलं होतं. चिडून त्यांनी दोन कडा एकमेकींवर दाबल्या. मग त्या सोडवायला जोर लावला तरी सुटेनात. बराच वेळ तो खांदा हातात धरून बसल्या. "धाग्याला घाई चालते," म्हणाल्या. "याला न्हाय."

फोमला आकार द्यायचा तर गरम हवा लागते. केस वाळवायचं यंत्र कुठून आणणार? त्यांनी कोळशाची इस्त्री पेटवली आणि फोम तिच्यावर वीतभर अंतरावर धरून फिरवला. फोम मऊ झाला की तो स्वतःच्या गुडघ्यावर दाबायचा, गार होईपर्यंत. गुडघ्याचा आकार गुडघ्यानेच दिला. परदेशातल्या बाईलाही हे सुचलं नव्हतं. रंगाच्या आधी पातळ पांढऱ्या गोंदाचे तीन हात दिले, तेही दोनदा, कारण आमच्याकडच्या दमट हवेत पहिले हात आठवडाभर चिकटच राहिले. मग सगळं काळं, आणि शेवटी चंदेरी रंगात ब्रश बुडवून तो फडक्यावर जवळजवळ कोरडा करून फक्त कडांवरून ओढायचा. ते झाल्यावर त्यांनी छातीचा भाग ओटीवर उभा केला, आणि खरोखर जुनं, लढाईत घासलेलं पोलाद वाटलं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा स्वतःच्या कामाकडे बघून हसताना पाहिलं.

मग कळलं की ते घालून बसता येत नाही. मांड्यांचे तुकडे पोटात घुसत होते. पुन्हा कापलं. आत खांदे रुंद दिसावेत म्हणून गोधडीचा अंगरखा शिवला होता, तो घातल्यावर छातीच लागेना, कारण माप अंगरख्याशिवाय घेतलेलं. "अंगाला विचारलं," त्या म्हणाल्या, "पण अंगाने काय घातलंय ते इचारायला विसरले." पुन्हा कापलं. काळी काच मिळाली नाही म्हणून अनंतभाऊंच्या मोडलेल्या पायाचा एक्सरे शिरस्त्राणात बसवला. उजेडाकडे तोंड केलं की आतून नवऱ्याची नडगी दिसते, असं वहिनींनी सांगितलं. एक त्रास मात्र पुरता गेला नाही. श्वासाने एक्सरेवर आतून वाफ धरायची. हनुवटीखाली भोकं पाडली, साबण चोळला. थोडं कमी झालं इतकंच.

शिमगा जवळ आला तसा चालीचा प्रश्न उभा राहिला. चिलखत घालून त्या घरामागच्या पोफळींच्या वाडीत फेऱ्या मारत आणि आम्ही दोघं बघत बसायचो.

"डोक्यावर हंडा असल्यागत चालतेस," अनंतभाऊ म्हणाले.

"मग तुम्ही चालून दाखवा."

अनंतभाऊ उठले आणि पोफळींच्या खुंटांमधून एक फेरी मारून आले.

"तुम्ही तर नारळ चोरून निघाल्यागत चालता," शिरस्त्राणातून आवाज आला.

मी सुचवलं, की गावातल्या एखाद्या माणसाची चाल उचला, म्हणजे लोक त्याचं नाव घेतील आणि चुकतील. त्यांना सगळ्यांच्या चाली पाठच होत्या. पण त्या नाही म्हणाल्या. "दुसऱ्याच्या नावावर कशाला? कोणाचीच नसंल अशी चाल पाहिजे." आणि महिनाभरात ती त्यांनी बसवली. जड, सावकाश, पाऊल पूर्ण टेकवल्यावरच दुसरं उचलायचं.

धुळवडीच्या संध्याकाळी सोंगं निघाली. वहिनी मागच्या वाडीतून जाऊन त्यांच्यात मिसळल्या. मी शाळेच्या पायरीवर उभा होतो, शेवटच्या दाराचा घरधनी म्हणून. ढोल लांबून जवळ येत होता आणि बातम्या त्याच्या आधी पोचत होत्या. वाघाचं नाव निघालं. अस्वल मुखवटा काढून सरबत पितंय. पण एक लोखंडी माणूस आलाय आणि कोणाला पत्ता लागत नाही. कोणी म्हणे पनवेलचा आहे, कोणी म्हणे मुंबईहून भाड्याने आणलाय. एकेका दाराशी तीन तीन नावं चुकत होती.

शाळेपाशी आले तेव्हा सोंगांत तेवढं एकच उरलं होतं. मावळतीचं ऊन त्याच्या कडांवर होतं. महादूबाबा काठी टेकत बरोबर चालत होते. ते मला म्हणाले, "गुरुजी, हे आपल्या गावच्या डोक्यातलं काम न्हाय." गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "गुरुजींच्याच डोक्यातलं असंल. ते टीव्हीवर दाखवतात ना असलं." लोक माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. आमचं ठरलं होतं की मी तीन चुकीची नावं घ्यायची आणि सुपारी द्यायची. सुपारी माझ्या मुठीत होती.

सोंग पायरी चढायला लागलं. एक्सरेवर वाफ धरली असणार. पाय पायरीच्या कडेवर पडला आणि घसरला. त्यांनी खांबाला हात लावला, तोल सावरला, पाय नीट टेकवला. आणि मी म्हणालो, "वहिनी, जपून."

गावात सगळ्यांना मी हेच सांगितलं, की त्या पडतील या भीतीने माझ्या तोंडून निघून गेलं. सगळ्यांना ते पटलं. पण त्या सावरल्या होत्या. पाय नीट टेकलेला मी पाहिला होता, आणि त्यानंतर बोललो. मधे एक क्षण होता. त्या क्षणात मला असं वाटलं, की एवढं मोठं गुपित आहे, ते मला एकट्याला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. ते मला सहन झालं नाही. बस्स, एवढंच होतं ते.

ढोल थांबला.

"कोण वहिनी?" महादूबाबांनी विचारलं. पण विचारायची गरज नव्हती. अख्ख्या गावात मी एकाच बाईला वहिनी म्हणत होतो.

वहिनींनी हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि शिरस्त्राण काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते. चष्मा आत घालता येत नसल्यामुळे त्या डोळे बारीक करून सगळ्यांकडे बघत होत्या. मागे बायकांत कोणीतरी हसलं आणि मग तेही थांबलं.

महादूबाबा रागावले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी चिलखत वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "पोरी, काम चांगलं केलंस," ते म्हणाले. "पण नाव निघालं. तू म्हणशील तर..."

"न्हाय बाबा," वहिनी म्हणाल्या. "निघालं ते निघालं."

शिरस्त्राण काखेत धरून त्या आल्या वाटेने परत गेल्या, त्याच जड चालीने. सहाण तीस पावलांवर होती. त्या वर्षी नारळ महादूबाबांनीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर नेहमीसारखी घावण्यांची ताटली होती. मी ती घेऊन ओटीवर गेलो. वहिनी मशीनवर होत्या, ओठांत टाचण्या. मी म्हणालो, "वहिनी, काल माझ्यामुळे..."

"पाय माझा घसरला," त्या म्हणाल्या. "तुमचं काय त्यात? शर्टाचं बटण लोंबतंय तुमच्या. काढून द्या इकडं."

आणि मी शर्ट काढून दिला. त्यांनी मला एक सबब शिवून दिली आणि मी ती अंगात घातली. पायरीवर जे केलं त्याच्यापेक्षा हे मला जास्त लागून राहिलं आहे. पुढे वर्षभर त्या माझ्याशी पूर्वीइतक्याच बऱ्या वागल्या. फक्त फळीवरच्या सुतळ्यांबद्दल, गिऱ्हाइकांबद्दल आधी जे सहज बोलून जायच्या, ते मी ओटीवर असलो की थांबे. कदाचित ते मलाच तसं वाटत असेल.

पुढच्या शिमग्याच्या आधी माझी माणगावला बदली झाल्याचं कळलं. जूनमध्ये जायचं होतं. त्या वर्षी गावाला एकच उत्सुकता, लोखंडी माणूस पुन्हा येतो का. धुळवडीच्या संध्याकाळी मी शाळेकडे निघालो तर वहिनींच्या ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत चिलखत बसलेलं. डोक्यावर शिरस्त्राण, दोन्ही हात गुडघ्यांवर. रस्त्याने जाणारे हाक मारत होते. "काकी, यंदा बसूनच काय?" चिलखत हलत नव्हतं. एक बाई दुसरीला म्हणाली, "रुसलीय. रुसणारच," आणि मला बघून गप्प झाली.

सोंगं शाळेपाशी आली तेव्हा या खेपेला दोन उरली होती. त्यातल्या टोपीवाल्या साहेबाचं नाव मी पहिल्याच फटक्यात ओळखलं. दुसरं बुजगावणं होतं. अंगभर वाळल्या झावळ्या, डोक्यापासून पाठीपर्यंत पोफळीच्या पानांचे रुंद देठ बांधलेले, चेहऱ्याच्या जागी पोतं. वाऱ्याने हललं की सगळं खरखरे. मी तीन नावं घेतली, अगदी मनापासून, ओळखायचा प्रयत्न करून. तिन्ही चुकली. मी सुपारी दिली. बुजगावण्याने ती घेतली आणि ढोलाबरोबर सहाणेकडे गेलं. अख्खी वाडी मागोमाग गेली.

मी गेलो नाही. ओटीवर त्या एकट्या असतील, गावातलं कोणी ऐकायला नसेल, आणि पुन्हा अशी वेळ मिळायची नाही, असं माझ्या मनात आलं. मी परत आलो. अंधार पडायला लागला होता. चपला काढून मी चिलखतासमोर खाली बसलो, वर बघायची हिंमत नव्हती, तेव्हा खाली बसणंच बरं वाटलं.

"वहिनी," मी म्हणालो, "तुमचा पाय घसरला म्हणून मी बोललो नाही. तुम्ही सावरला होता. मी पाहिलं होतं. मला ठाऊक आहे हे लोकांना कळावं, म्हणून बोललो. तुम्ही पंचवीस वर्षं नाव घेतलं नाही, आणि मला एक संध्याकाळ राखता आलं नाही. मग तुम्ही म्हणालात पाय घसरला, तर मी तेही घेतलं. वर्षभर घेतलं. तुम्ही काही बोलू नका. रागावलात तरी चालेल."

चिलखत काही बोललं नाही. मी वाट पाहिली. मग मागून सुपारीचं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"गुरुजी," अनंतभाऊ दारात उभे होते, "ती न्हाय त्यात."

मी वर पाहिलं. शिरस्त्राणात पायाच्या हाडाचा फिकट आकार दिसत होता आणि त्याच्या मागे गोधडीचा गुंडाळा.

"मग कुठे आहेत?"

"तुम्हाला सांगू?" ते म्हणाले आणि हसले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. त्या हसण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. सहाणेकडून ढोलाचा आवाज येत होता. तो वाढत गेला आणि एकदम थांबला. नारळ ठेवला गेला होता. अनंतभाऊंनी मान हलवली, स्वतःशीच, आणि माझ्या शेजारी ओटीच्या कडेला बसले.

"तुम्ही ऐकलंत का मी बोललो ते?" मी विचारलं.

"आत रेडिओ होता," ते म्हणाले. रेडिओ बंद होता. "तिला सांगायचं तर तुम्हीच सांगा. येईल आता."

मी थांबायचं ठरवलं. ओटीच्या कडेवरून घराच्या बगलेने मागची वाडी दिसते. तिथे, वादळानंतर उरलेल्या चारपाच पोफळींच्या पलीकडे काहीतरी खरखरलं. उरल्यासुरल्या उजेडात मला ते बुजगावणं दिसलं. झाडांतून घराच्या मागच्या दाराकडे येत होतं, चाल कोणाचीच नव्हती. आणि मी ओटीवर बसलेला दिसताच ते जिथल्या तिथे उभं राहिलं.

ते पुढे येईना. परतही जाईना. वाऱ्याने झावळ्या तेवढ्या हलत होत्या.

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मी थांबून माफी मागितली असती, तर ती मला बुजगावण्याची मागावी लागली असती. म्हणजे मी ओळखलं, असं झालं असतं. ज्या एका माणसाने त्यांना ओळखायला नको होतं, तोच ओटीवर बसून होता, आणि त्या त्याच्या जाण्याची वाट बघत होत्या.

मी उठलो. चपला पायांत घातल्या. "येतो, भाऊ," म्हणालो, आणि मागच्या बाजूला न बघता रस्त्याला लागलो.